जनुकीय अहवालात जोखीम पूर्ण लिहा

जनुकीय चाचण्यांचे अहवाल तयार करणाऱ्या प्रयोगशाळांना, त्यांवर सही करणाऱ्या तज्ज्ञांना आणि अहवालांचे नमुने ठरवणाऱ्या व्यावसायिक संस्थांना,

सप्रेम नमस्कार.

जनुकीय समुपदेशनाच्या कामात ऑटोइम्यून आजारांशी निगडित चाचण्यांचे अहवाल सतत माझ्यासमोर येतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते असे हे आजार असून, त्यांच्याकडे असलेला कल काही अंशी जनुकांतून येतो, हे आता निर्विवाद आहे. तुमच्या तपासणीच्या अचूकतेबद्दल माझी तक्रार नाही. माझे म्हणणे त्यानंतरच्या टप्प्याबद्दल आहे. जनुकातला एखादा भेद सापडला, की त्या माणसाला आजार होण्याची प्रत्यक्ष शक्यता किती आहे आणि ती कोणत्या लोकांच्या अभ्यासातून काढलेली आहे, हे बहुतेक अहवालांत लिहिलेले नसते. ते लिहिले जावे, ही माझी मागणी आहे.

अहवालाचा कागद डोळ्यांसमोर आणा. वर नाव, वय, नमुना घेतल्याची तारीख. मधोमध एकच ओळ: ‘एचएलए-बी२७: आढळले’. खाली तपासणीची पद्धत आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘लक्षणांशी पडताळून पाहावे’ एवढे वाक्य. कागद हातात घेणारा माणूस ती मधली ओळ वाचतो आणि तिथेच थांबतो, कारण पुढे त्याला समजेल असे काहीच लिहिलेले नसते.

बी२७ हा प्रतिकारयंत्रणेशी निगडित ‘एचएलए’ जनुकांतला एक भेद आहे. त्याची चाचणी या क्षेत्रातल्या सर्वांत जुन्या आणि नेहमी मागवल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी एक आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. कणा आणि कमरेखालचे सांधे सुजून हळूहळू आखडत जाण्याचा जो आजार अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या नावाने ओळखला जातो, त्याच्या बहुतेक रुग्णांत बी२७ हा भेद असतो, हे १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. युरोपीय वंशाच्या रुग्णांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. हा आकडा एवढा मोठा आहे की तो उलट्या बाजूने वाचण्याचा मोह भल्याभल्यांना होतो, आणि ‘दहातल्या नऊ रुग्णांत बी२७ असते’ याचा अर्थ ‘बी२७ असलेल्या दहातल्या नऊ जणांना आजार होतो’ असा लावला जातो. वस्तुस्थिती अशी आहे की त्याच लोकसमूहांत साधारण ८ टक्के लोकांमध्ये बी२७ असते आणि त्यांच्यापैकी सुमारे ९५ टक्के किंवा त्याहून अधिक लोकांना हा आजार आयुष्यात कधीच होत नाही.

आता हीच ओळ तीन वेगवेगळ्या माणसांच्या हाती पडली आहे असे समजा. पहिला पंचविशीतला तरुण आहे. त्याची पाठ काही महिने दुखते आहे, पहाटे दुखण्याने जाग येते, सकाळी अंग आखडलेले असते आणि विश्रांतीऐवजी हालचालीने बरे वाटते. अशा दाहजन्य पाठदुखीत बी२७ आढळले तर आजार असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते आणि एमआरआय करून घेणे अगत्याचे ठरते. दुसरी त्याची बहीण आहे, तिला काहीही त्रास नाही. सख्ख्या भावंडाला आजार असताना बी२७ असलेल्या व्यक्तीला तो होण्याची शक्यता साधारण १० ते २० टक्के धरली जाते. तिने लक्षणांवर नजर ठेवणे शहाणपणाचे आहे, पण घाबरण्याचे कारण नाही. (या आजारात स्त्रियांचे निदान पुरुषांपेक्षा उशिरा होते, म्हणून तिच्या बाबतीत हे सांगणे अधिकच गरजेचे आहे.) तिसऱ्या माणसाने सर्वसाधारण आरोग्यतपासणीत ही चाचणी आपसूक करून घेतली आहे. त्याच्या घरात कुणाला हा आजार नाही आणि त्याला लक्षणेही नाहीत. त्याची शक्यता शंभरात पाचाच्या आत आहे. या तिघांच्या अहवालांत तुम्ही अक्षरशः एकच मजकूर छापता.

लक्षणे आणि घरातली पार्श्वभूमी प्रयोगशाळेला कळत नाही, हे मला मान्य आहे. पण नमुन्यासोबत येणाऱ्या अर्जावर ‘चाचणी कशासाठी?’ असा एक रकाना ठेवणे आणि त्या उत्तरानुसार तीनपैकी योग्य तो परिच्छेद अहवालात घालणे अवघड नाही. उत्तर आलेच नाही, तर तिन्ही परिच्छेद छापावेत. वाचणाऱ्याला आपण कोणत्या गटात मोडतो हे निदान ओळखता तरी येईल.

बी२७ला एकसंध वस्तू मानण्याचीही मला खंत वाटते. एचएलए जनुके सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असतात. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर एका खोबणीत प्रथिनांचे छोटे तुकडे धरून प्रतिकारपेशींना दाखवत असतात. कोणता तुकडा खोबणीत बसेल आणि कोणता निसटेल, हे खोबणीच्या आकारावर ठरते आणि तो आकार जनुकातल्या भेदांवर. बी२७च्या खोबणीत एक कप्पा असा आहे की त्यात तुकड्यातला दुसरा घटक आर्जिनीन हे अमिनो आम्ल (प्रथिनांच्या साखळीतला एक दुवा) असेल तरच तो नीट बसतो. बी२७चे अनेक उपप्रकार आहेत. त्यांपैकी बी२७:०५ हा आजाराशी ठामपणे जोडलेला उपप्रकार आणि सार्डिनिया बेटावर आढळणारा बी२७:०९ यांच्यात फरक आहे तो केवळ ११६व्या स्थानावरच्या एका अमिनो आम्लाचा. तरीही बी२७:०९ असलेल्यांत हा आजार जवळजवळ दिसत नाही. आग्नेय आशियातल्या बी२७:०६चेही तसेच आहे. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीत एक-दोन घटक बदलल्याने जोखीम एवढी बदलत असताना, नुसते ‘बी२७’ लिहून उपप्रकार गाळणारा अहवाल अपुरा आहे. उपप्रकार तपासलाच नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

आणि बी२७ एकटे काम करत नाही. ईआरएपी१ हे जनुक ज्या विकराची कृती ठरवते, तो विकर (एन्झाइम) प्रथिनांचे तुकडे खोबणीत बसण्याजोगे छाटून देतो. ईआरएपी१मधल्या काही भेदांचा या आजाराशी असलेला संबंध बी२७ असलेल्यांतच दिसतो, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आजाराशी संबंध असलेल्या जनुकीय जागांची संख्या आता शंभरावर गेली आहे. बी२७ हा त्यांतला सर्वांत मोठा वाटेकरी असला तरी तो पूर्ण हिशेब नव्हे.

‘आढळले नाही’ या उत्तराने होणारे नुकसान कमी बोलले जाते, पण ते तितकेच खरे आहे. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत बी२७ नसलेल्यांचे प्रमाण खूप मोठे आहे, काही पाहण्यांत निम्म्याच्या आसपास. अशा रुग्णाला ‘नाही’ असा अहवाल मिळाला की त्याची पाठदुखी साध्या दुखण्याच्या खात्यात टाकली जाते आणि योग्य उपचार वर्षानुवर्षे लांबतात.

सीलिॲक आजाराच्या चाचणीत नेमके याच्या उलट आहे, आणि तरीही अहवालाचा साचा तोच असतो. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होण्याचा हा आजार जवळजवळ फक्त एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ असलेल्यांनाच होतो. म्हणून हे दोन्ही भेद नसतील तर सीलिॲक जवळपास निकालात निघतो. त्या चाचणीचा खरा उपयोग हाच आहे. पण हे भेद असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. पाश्चात्त्य लोकसंख्येत ३० ते ४० टक्के लोकांत ते असतात आणि आजार होतो तो साधारण शंभरातल्या एकाला, म्हणजे वाहकांपैकी जेमतेम ३ टक्क्यांना. ‘डीक्यू२ आढळले’ एवढे वाचून ग्लुटेन पूर्ण बंद केलेली माणसे मी पाहिली आहेत. यातला धोका फक्त नको असलेल्या पथ्याचा नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) तपासणी न करता ग्लुटेन सोडले, की प्रतिपिंडे खाली येतात, आतडे भरून येऊ लागते, आणि मग आजार खरोखर होता की नव्हता हे ठरवण्यासाठी पुन्हा कित्येक आठवडे ग्लुटेन खावे लागते. ‘या चाचणीवरून आजाराचे निदान होत नाही; आहार बदलण्यापूर्वी प्रतिपिंडांची तपासणी करा’ हे वाक्य निष्कर्षाच्या शेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत छापायला हवे.

जिथे जोखीम लिहिली जाते, तिथे ती ‘इतक्या पट’ अशी लिहिली जाते. सर्वसामान्यांना तो आजार किती जणांना होतो हे सोबत दिले नसेल, तर ‘पट’ हा आकडा वाचणाऱ्याची दिशाभूल करतो. एचएलए-डीआरबी१*१५:०१ या भेदामुळे मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराची जोखीम सुमारे तिप्पट होते. एखाद्या लोकसमूहात मुळात हजारी दोन-तीन असलेला धोका तिप्पट झाला, तरी हजारातल्या ९९० हून अधिक वाहकांना तो आजार होत नाही. ‘तिप्पट’ आणि ‘हजारातल्या ९९० जणांना होत नाही’ ही दोन्ही विधाने खरी आहेत, पण पहिले ऐकून माणसाची झोप उडते आणि दुसरे ऐकून तो कामाला लागतो.

जनुकांचा वाटा मोठा असूनही त्यांनीच सारे ठरत नाही, याचा सर्वांत भक्कम पुरावा एकबीज जुळ्यांतून मिळतो. त्यांचा जनुकसंच जवळपास एकसारखा असतो, तरी एकाला ऱ्हुमॅटॉइड संधिवात झाला तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण साधारण १५ टक्के, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाबतीत २५ टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेला भाग संसर्ग, धूर, संप्रेरके, आतड्यातले जिवाणू आणि निव्वळ योगायोग यांचा. एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसची शक्यता ३२ पटींनी वाढते, हे २०२२ साली अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासातून पुढे आले. मात्र जवळजवळ प्रत्येक प्रौढाला हा संसर्ग कधी ना कधी झालेला असतो आणि आजार होतो तो फारच थोड्यांना.

संधिवाताच्या बाबतीत तर अहवालात लिहिण्याजोगी ठोस, उपयोगी गोष्ट उपलब्ध आहे. एचएलए-डीआरबी१ जनुकाच्या काही प्रकारांत ७० ते ७४ या स्थानांवर अमिनो आम्लांचा एक समान क्रम असतो आणि तो संधिवाताशी निगडित आहे, हे १९८७मध्ये मांडले गेले. पुढे २००६ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले की ज्यांना हा क्रम आई आणि वडील दोघांकडून मिळाला आहे आणि जे धूम्रपान करतात, त्यांच्यात सिट्रुलिनयुक्त (रासायनिक बदल झालेल्या) प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे असलेल्या संधिवाताची जोखीम, यांपैकी काहीही नसलेल्यांच्या तुलनेत, २१ पट होती. जनुक बदलता येत नाही, पण सिगारेट सोडता येते. तरीही हा क्रम आढळल्याचे सांगणाऱ्या अहवालांत धूम्रपानाचा उल्लेख मला क्वचितच दिसतो. एवढी एकच ओळ छापली असती तर त्या अहवालाने एखाद्याचे सांधे वाचवले असते, या विचाराने मला फार हळहळ वाटते.

जोखीम नीट सांगितली आणि पाठपुरावा केला तर काय साधते, हे टाइप १ मधुमेहाच्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे. डीआर३ आणि डीआर४-डीक्यू८ हे एचएलए जनुकांतले दोन्ही भेद एकत्र असलेल्या बाळांपैकी साधारण विसातल्या एकाला बालपणी हा आजार होतो. याचाच अर्थ विसातल्या एकोणीस बाळांना होत नाही. पण अशी जोखीम असलेल्या मुलांच्या रक्तातली प्रतिपिंडे वेळोवेळी तपासली, तर चित्र बरेच स्पष्ट होत जाते: दोन किंवा अधिक प्रतिपिंडे आढळलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत मधुमेह होतो. अशा पाठपुराव्यातल्या मुलांत निदानाच्या वेळी कीटोॲसिडोसिससारखी जिवावर बेतणारी अवस्था कमी आढळते, कारण पालकांना आणि डॉक्टरांना आधीच कल्पना असते. २०२२ पासून तर टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत मान्य झाले आहे आणि अशी प्रतिपिंडे असून रक्तातली साखर बिघडू लागलेली, पण लक्षणे नसलेली, अशा टप्प्यावर ते आजार काही काळ पुढे ढकलू शकते. म्हणून मी अशा चाचण्यांच्या विरोधात नाही. जनुकीय निष्कर्षानंतर पुढची पायरी कोणती, ती केव्हा आणि कुणाकडे, हे अहवालात नसेल तर मात्र पालकांच्या हाती केवळ काळजी उरते.

आता त्या मुद्द्याकडे येते, ज्यावर मला सर्वाधिक आग्रह धरायचा आहे. जनुके आणि आजार यांचे संबंध शोधणाऱ्या जीनोमव्यापी अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी २००९ साली ९६ टक्के आणि २०१६ सालीही ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. अनेक भेदांची बेरीज करून काढलेला जोखीम-गुणांक ज्या लोकांवरून बेतला गेला, त्यांच्यापासून वंशाने दूर असलेल्यांत तो कमी अचूक ठरतो. त्याची कारणे गूढ नाहीत. भेदांचे प्रमाण ठिकठिकाणी वेगळे असते, आणि शेजारशेजारचे भेद एकत्र वारशाने येण्याचा ढाचाही वेगळा असतो. त्यामुळे एका लोकसमूहात खऱ्या कारणाची खूण ठरलेला भेद दुसऱ्यात निरुपयोगी असू शकतो. पीटीपीएन२२ जनुकातला ६२०व्या स्थानावरचा बदल टाइप १ मधुमेह, ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंडे अशा अनेक अवयवांचा दाह) यांची जोखीम वाढवतो, आणि उत्तर युरोपात तो बऱ्यापैकी आढळतो. पूर्व आशियात तो जवळजवळ नाहीच. तिथल्या माणसाच्या अहवालात ‘हा भेद नाही, जोखीम कमी’ असे लिहिणे म्हणजे न झालेल्या मोजमापाचा निकाल देणे होय. संधिवाताशी पीएडीआय४ जनुकाचा असलेला संबंध २००३ साली जपानी रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आला. ज्यांच्याकडे पाहिले जाते त्यांच्याविषयीच कळते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते. प्रत्येक गुणांकाखाली तो कोणत्या वंशाच्या किती लोकांवरून काढला हे छापलेच पाहिजे, आणि तपासणी झालेली व्यक्ती त्या गटातली नसेल तर आकडा देण्याचा मोह टाळला पाहिजे.

पीटीपीएन२२चाच तो बदल क्रोन्स या आतड्याच्या आजारापासून मात्र थोडे संरक्षण देतो. टीवायके२ जनुकात ११०४व्या स्थानावरचा बदल सोरायसिस, ल्युपस, संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा अनेक ऑटोइम्यून आजारांपासून वाचवतो. त्याच रेणूला आवर घालणारे ड्युक्रावासिटिनिब हे सोरायसिसचे औषध २०२२ साली मान्य झाले. पण हाच बदल आई-वडील दोघांकडून आला तर क्षयरोगाचा धोका वाढतो. प्रतिकारयंत्रणेतले हे भेद मानवजातीने संसर्गांशी झुंजताना टिकवलेले आहेत आणि एका आजाराच्या बाबतीत तोट्याचा भेद दुसऱ्या बाबतीत उपकारक ठरू शकतो. अहवालात लाल शाईने ‘दोषयुक्त’ असा शिक्का मारणे वैज्ञानिकदृष्ट्याही चुकीचे आहे. त्या शिक्क्यामुळे आपण अपत्याला ‘सदोष’ वारसा दिला असे मानून खंतावणाऱ्या आयांना धीर देण्याचे काम माझ्या वाट्याला येते, म्हणून हे जरा तीव्रतेने लिहिते आहे.

जिथे एकच जनुक आजार जवळजवळ निश्चित करते, असेही काही थोडे आजार आहेत. एआयआरई जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर थायमस ग्रंथीत प्रतिकारपेशींना स्वतःच्या ऊतींची ओळख नीट होत नाही आणि लहानपणापासून एकामागून एक अंतःस्रावी ग्रंथी बाधित होतात. एफओएक्सपी३ निकामी असलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच गंभीर आजार होतो. अशा निष्कर्षांना ठळक, तातडीची भाषा शोभते. तीच भाषा डीक्यू२साठी वापरली, की खऱ्या तातडीचा अहवालही लोक गांभीर्याने घेईनासे होतात.

शेवटची विनंती जुन्या अहवालांबद्दल आहे. एचएलए जनुकांचे तीस हजारांहून अधिक प्रकार आता नोंदले गेले आहेत आणि त्यांत भर पडतच आहे. आज अर्थ न लागलेला भेद आणखी पाच वर्षांनी समजू शकेल, आणि आज दिलेली जोखीम नव्या लोकसमूहांच्या अभ्यासानंतर खाली किंवा वर जाऊ शकेल. म्हणून अहवालावर अर्थ लावल्याची तारीख आणि त्यासाठी वापरलेल्या माहितीसंचाची आवृत्ती छापावी, मूळ माहिती जपून ठेवावी, आणि ज्याची तपासणी झाली त्याला ठरावीक काळाने, वेगळे शुल्क न आकारता, पुनर्वाचन मागण्याचा हक्क द्यावा. अहवालाचे नमुने ठरवणाऱ्या संस्थांनी पुढच्या सुधारित मार्गदर्शिकेत हे कलम आणि जोखमीच्या परिच्छेदांचा मसुदा समाविष्ट करावा. तो मसुदा रुग्णांना वाचायला देऊन, त्यांना तो कितपत समजतो हे तपासण्याच्या कामात हातभार लावायला मी आणि माझ्यासारखे समुपदेशक तयार आहोत.

कळावे.

आपली विश्वासू,
एक जनुकीय समुपदेशक